तळहात तोच, बोटं वेगळी



‘पॉलिमरेज’ हा शब्द फलकावर लिहिला तर सभागृह रिकामं राहील, अशी भीती व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना वाटत होती. त्याऐवजी ‘करोना’ लिहू या का, असं त्यांनी मला हळूच विचारून पाहिलं. मी नको म्हटलं. करोनावर आपण सगळ्यांनी पोटभर ऐकलंय. काट्यांचा तो चेंडू टीव्हीवर इतक्या वेळा फिरला की बालवाडीतली मुलंसुद्धा तो काढू लागली. पण काट्यांचं काम पेशीत शिरेपर्यंतचं. आत गेल्यावर एकाचे हजारो करणारं जे यंत्र असतं, त्याचं चित्र फारसं कुणी दाखवलं नाही. आज त्या यंत्राबद्दल बोलायचं आहे. त्याचा आकार कसा आहे, त्या आकारामुळे त्याला काय जमतं, काय जमत नाही, आणि आपली औषधं त्याला नेमकी कुठे पकडतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी मध्येच भरकटलो तरी तुम्हाला वाट सापडेल. या यंत्राचा मधला भाग जवळजवळ बदलत नाही. कडेचा भाग मात्र सतत बदलतो. विषाणूची बरीचशी हुशारी कडेला आहे आणि त्याची अगतिकता मध्यभागी आहे. औषधाचा घाव मध्यावर घालायचा की कडेवर, या पेचात वैद्यकशास्त्राची गेली चाळीस वर्षं गेली आहेत.

आता पहिला प्रश्न. विषाणूला जगायला लागतं तरी काय? प्रथिनं बनवायला तो आपल्या पेशीतले रायबोसोम वापरतो. कच्चा माल आपला, ऊर्जा आपली. मग स्वतःचं म्हणून त्याला काय आणावं लागतं? आपल्या पेशी डीएनएवरून डीएनए काढतात, डीएनएवरून आरएनए काढतात. पण पोलिओ, फ्लू, डेंग्यू, करोना या विषाणूंची सगळी वंशावळ आरएनएवर लिहिलेली असते. हजारो अक्षरांच्या आरएनएवरून त्याची आरएनए प्रत काढणारं यंत्र आपल्या पेशीत तयार मिळत नाही. ते विषाणूलाच आणावं लागतं. फ्लूचा विषाणू ते बांधून सोबतच आणतो. पोलिओ आणि करोना त्याचा फक्त आराखडा आणतात आणि आपल्याच रायबोसोमांकडून ते बनवून घेतात. इतका कंजूष प्राणी – प्राणी म्हणावं की नाही हा वाद आज नको – इतका कंजूष जीव जे एक यंत्र सोडू शकत नाही, ते हे.

आणि तो कंजूष म्हणजे किती कंजूष? माणसाचा जनुकसंच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. पोलिओचा साधारण ७,५००. एचआयव्हीचा ९,७०० च्या आसपास. फ्लूचा आठ तुकड्यांत मिळून १३,५००. करोनाचा ३०,०००, आणि तेवढ्यावर तो आरएनए विषाणूंमधला धनाढ्य ठरतो. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे लागतील.

आता जरा उजवा हात वर करा. मतदान नाही, घाबरू नका. एखादी जाड दोरी तळहातावर आडवी धरली आहे असा हात अर्धवट मिटा. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, मध्ये तळहाताची खोलगट जागा. पॉलिमरेज असं दिसतं. हे माझ्या मनाचं नाही. १९८५ मध्ये येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ यांच्या प्रयोगशाळेने ई. कोलाय जिवाणूच्या पॉलिमरेजच्या एका तुकड्याची रचना क्ष-किरणांनी उलगडली, आणि त्यात मोठी खोल घळ दिसली. १९९२ मध्ये त्याच प्रयोगशाळेने एचआयव्हीचं पॉलिमरेज, म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, उलगडलं. तिथेही तीच ठेवण निघाली. बोटं, तळहात, अंगठा ही नावं तेव्हापासून पक्की झाली. पुढे १९९७ मध्ये पोलिओचं पॉलिमरेज आलं, १९९९ मध्ये हेपटायटिस सी चं. प्रत्येक वेळी हातच. (हेच स्टाइट्झ पुढे २००९ मध्ये वेंकटरमण रामकृष्णन आणि अदा योनाथ यांच्यासह नोबेलचे मानकरी झाले, पण ते रायबोसोमसाठी. माणसाने एका आयुष्यात किती करावं!)

तळहातावर काय चालतं ते नीट पाहू, कारण सगळा खेळ तिथे आहे. तिथे प्रथिनाच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी येतात. एका पट्टीवर एक ॲस्पार्टिक आम्ल बसलेलं असतं, दुसरीच्या वळणावर लागोपाठ दोन. या आम्लांवर ऋण भार असतो आणि तो भार धातूचे दोन आयन धरून ठेवतो, सहसा मॅग्नेशियमचे. एक आयन वाढत्या साखळीच्या टोकावरच्या ऑक्सिजनला जोडणीसाठी सज्ज करतो. दुसरा नव्याने आलेल्या अक्षराची, म्हणजे न्यूक्लिओटाइडची, फॉस्फेटची शेपटी आवरून धरतो आणि जोडणी झाली की तिचा सुटलेला भाग बाहेर जाऊ देतो. एक अक्षर जोडलं गेलं. साखळी एक पाऊल सरकली. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

ती लागोपाठची दोन ॲस्पार्टिक आम्लं आज आपण ज्या विषाणूंबद्दल बोलतोय त्या सगळ्यांत आहेत. पोलिओत, डेंग्यूत, हेपटायटिस सी मध्ये त्यांच्या आधी ग्लायसिन येतं. करोनात आणि फ्लूत सेरीन येतं. एचआयव्हीत आणि हेपटायटिस बी मध्ये टायरोसिन आणि मेथिओनिन येतात. शेजारी बदलतात, पण ही जोडी हलत नाही. ती बदलली की यंत्र बंद, आणि यंत्र बंद पडलेल्या विषाणूला संतती नसते. म्हणून कोट्यवधी वर्षांत इतक्या चुका करूनही ही जागा तशीच राहिली.

मग बोटं काय करतात? ती नवं अक्षर आत घेतात आणि ते समोरच्या साच्याशी जुळतं की नाही हे पारखतात. बऱ्याच पॉलिमरेजांत बरोबर अक्षर आलं की बोटं त्याच्यावर मिटतात. अंगठा मागच्या बाजूने तयार झालेली दुहेरी साखळी धरून ठेवतो, म्हणजे काम अर्धवट टाकून यंत्र निसटत नाही. पण आरएनएवरून आरएनए काढणाऱ्या विषाणूंची एक खासियत आहे. त्यांच्या बोटांची टोकं पुढे येऊन थेट अंगठ्याला टेकतात. हात मिटतो आणि आरपार बोगदा तयार होतो. एका तोंडातून साचा आत, दुसऱ्यातून न्यूक्लिओटाइड आत, तिसऱ्यातून दुहेरी साखळी बाहेर. आता बोटं अंगठ्याला जखडलेली असतील तर ती उघडझाप कशी करणार? करत नाहीत. पोलिओच्या बाबतीत असं दिसलं की बरोबर अक्षर आल्यावर तळहातच किंचित हलतो आणि ती तीन ॲस्पार्टिक आम्लं जागेवर येतात. हालचाल अगदी छोटी आहे. पण बोटांमधला बदल तळहातापर्यंत कसा पोचतो याचं मर्म त्यात आहे. थोड्या वेळाने या मुद्द्याकडे येतो.

दुसरा मोठा मुद्दा कडेचा. तळहात सारखा असेल तर प्रत्येक विषाणूचा हात वेगळा का? कारण प्रत्येकाची सुरुवात करायची रीत वेगळी आणि संसारही वेगळा. पहिलं अक्षर कशाला जोडायचं, हा प्रत्येक पॉलिमरेजपुढचा अवघड प्रश्न. पोलिओ २२ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन घेतो आणि त्यातल्या टायरोसिनवर पहिलं अक्षर बसवतो. ते प्रथिन आत मावावं म्हणून त्याच्या हाताची पोकळी ऐसपैस असते. हेपटायटिस सी असं काही घेत नाही, तो शून्यातून सुरुवात करतो. त्याच्या अंगठ्यातून एक वळसा पोकळीत पुढे आलेला असतो आणि पहिली एक-दोन अक्षरं त्याच्या आधाराने उभी राहतात. साखळी वाढू लागली की वळशाला बाजूला व्हावं लागतं. नुसता अंगठा पाहून जाणकार सांगू शकतो की हा विषाणू कामाला कशी सुरुवात करत असेल.

एचआयव्हीची गंमत वेगळी. त्याच्या पॉलिमरेजात दोन प्रथिनं जोडीने असतात, एक मोठं आणि एक लहान. लहान म्हणजे मोठ्याचीच शेपूट छाटलेली आवृत्ती. अमिनो आम्लांचा क्रम तोच, पण घडी निराळी. मोठ्याच्या तळहातावर घळ उघडी असते आणि काम चालतं. लहानात तीच ती ॲस्पार्टिक आम्लं असूनही घळ बनतच नाही. ते नुसतं टेकू देतं. प्रथिनाचा क्रम कळला की आकार कळला, असं आम्ही वर्गात बिनदिक्कत सांगतो. एचआयव्ही त्याला हसत असेल.

आणि फ्लू! फ्लूवर मी जरा रेंगाळणार आहे, माझा तो आवडता. त्याचं पॉलिमरेज तीन प्रथिनांचं: पीए, पीबी१, पीबी२. हात पीबी१ मध्ये आहे. बाकी दोघं कशाला? आपल्या पेशीत प्रत्येक संदेशवाही आरएनएच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी असते, आणि ती पाहूनच रायबोसोम संदेश वाचायला घेतो. फ्लूला टोपी बनवता येत नाही. मग तो चोरतो. पीबी२ आपल्या आरएनएची टोपी पकडतं. पीए टोपीपासून १० ते १३ अक्षरांवर कात्री चालवतं. मग टोपीसकट तो तुकडा वळून पीबी१ च्या तळहातात येतो आणि त्याच्या पुढे फ्लूचा मजकूर लिहिला जातो. दुसऱ्याच्या पाकिटावरचं तिकीट काढून आपल्या पाकिटाला चिकटवावं, तसं. आपला संदेश मोडतो आणि त्याचा वाचला जातो. हे व्हायला हवं असं रसायनशास्त्र आधीपासून सांगत होतं. पण ते एकाच यंत्रात कसं बसतं हे दिसलं २०१४ मध्ये, जेव्हा फ्रान्समधल्या ग्रेनोबलला स्टीफन क्युझॅक यांच्या गटाने वटवाघळातल्या फ्लूचं आणि फ्लू बी चं संपूर्ण पॉलिमरेज स्फटिकात पाहिलं. टोपी धरणारा भाग फिरू शकतो, आणि त्या फिरण्यातच सगळी चोरी आहे.

शेपटीची गोष्ट तर आणखी सुंदर. संदेशाच्या शेवटी ए या अक्षराची लांब माळ लागते. फ्लूचं पॉलिमरेज साच्याचं एक टोक अंगाशी घट्ट धरून बसलेलं असतं. लिहीत लिहीत ते त्या टोकाजवळ आलं की साचा ताणला जातो, पुढे सरकत नाही. तिथे यू अक्षरं लागोपाठ असतात. यंत्र तिथल्या तिथे अडखळत राहतं आणि त्याच अक्षरांवरून पुन्हा पुन्हा ए जोडत जातं. शेपूट तयार. धरून बसण्याच्या जागेमुळे अडखळणं आणि अडखळण्यातून शेपूट. आकारातून कार्य कसं निघतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बर्ड फ्लूची बातमी आली की काळजी कसली असते? एक काळजी अर्थातच काट्यांची. दुसरी पीबी२ मधल्या ६२७ क्रमांकाच्या जागेची. पक्ष्यांतल्या फ्लूत तिथे बहुधा ग्लुटामिक आम्ल असतं, तर माणसात रुळलेल्या कित्येक विषाणूंत लायसिन. हे बरीच वर्षं माहीत होतं, पण कारण कळत नव्हतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात वेंडी बार्कले यांच्या गटाने २०१६ मध्ये कारण दाखवलं. फ्लूच्या पॉलिमरेजला यजमान पेशीतलं एएनपी३२ए नावाचं प्रथिन मदतीला लागतं. पक्ष्यांत त्या प्रथिनाला ३३ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो, आपल्यात तो नाही. कोंबडीच्या प्रथिनाशी जमणारा पृष्ठभाग माणसाच्या प्रथिनाशी जमत नाही, आणि एक अमिनो आम्ल बदललं की जमतं. पुन्हा पाहा, कडेचा बदल. तळहाताला कुणी हात लावलेला नाही.

करोनाकडे वळतो. २०२० च्या वसंतात बीजिंगमध्ये आणि जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये त्याच्या पॉलिमरेजची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उलगडली. स्फटिक करायची गरज नव्हती, म्हणूनच साथ सुरू झाल्यावर काही महिन्यांत चित्र हाती आलं. मध्ये तोच हात. पण त्याला जोडून दोन लांब दांडे बाहेर पडणाऱ्या दुहेरी आरएनएच्या दोन्ही अंगांनी पार पुढपर्यंत गेलेले. ३०,००० अक्षरं न निसटता लिहायची तर पकड लांब हवी. आणि याच विषाणूंकडे आणखी एक वस्तू आहे जी पोलिओकडे नाही, फ्लूकडे नाही, एचआयव्हीकडे नाही. चुकलेलं अक्षर कापून टाकणारं वेगळं एन्झाइम. उंदरांच्या करोना विषाणूत आणि पहिल्या सार्समध्ये ते निकामी केलं तर चुका साधारण १५ ते २० पटींनी वाढतात. आपल्या २०२० च्या विषाणूत ते मोडून पाहिलं तर तो तगतच नाही. आता मघाचे आकडे आठवा. ७,५०० अक्षरांच्या मजकुराला मुद्रितशोधकाविना चालतं. ३०,००० ला चालत नाही.

आणि इथे तिसरा मुद्दा येतो, चुकांचा. पोलिओचं पॉलिमरेज ढोबळमानाने दहा हजार अक्षरांत एक चूक करतं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रतीत एखादी चूक. हे सुधारता आलं असतं तर विषाणूने सुधारलं नसतं का? अचूक नक्कल कुणाला नको असते? हा प्रश्न प्रयोगाने विचारला गेला. पोलिओ विषाणूला रायबाव्हिरिन या औषधाच्या सहवासात वाढवलं. हे औषध चुका वाढवतं. त्यातून टिकलेल्या विषाणूत एक बदल सापडला, ६४ क्रमांकाच्या ग्लायसिनचं सेरीन. स्टॅनफर्डच्या कार्ला किर्केगार्ड यांनी २००३ मध्ये तो मांडला. हे पॉलिमरेज जास्त अचूक होतं. आणि ६४ कुठे आहे? तळहातावर? नाही, बोटांत, जोडणीच्या जागेपासून बरंच दूर. पण मघा म्हटलं तसं, बोटं आणि तळहात एकमेकांशी बोलतात. दूरचा एक अणुबंध बदलला की तळहात मिटण्याची वेळ बदलते, आणि चुकीचं अक्षर जोडलं जाण्याआधी निसटायला थोडी जास्त सवड मिळते.

आता हा अचूक विषाणू उंदरांना टोचला तर काय झालं असेल? तो जास्त घातक व्हायला हवा, नाही का? उलट झालं. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या राउल अँडिनो यांच्या गटाने दाखवलं की तो मेंदूपर्यंत पोचायला कमी पडतो. त्याच विषाणूत मुद्दाम चुका भरून विविधता वाढवली, तर तो पुन्हा पोचतो. विषाणू एकेकटा लढत नाही. किंचित वेगवेगळ्या भावंडांचा जमाव लढतो, आणि जमावात वेगळेपण यावं इतका ढिसाळपणा पॉलिमरेजच्या ठेवणीतच आहे. मला स्वतःला हा निष्कर्ष या सगळ्या विषयातला सर्वांत सखोल वाटतो. आपण ज्याला दोष म्हणू, ती तिथे निवडून ठेवलेली मात्रा आहे.

हे नुसतं उंदरांपुरतं राहिलं नाही. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीतला विषाणू क्वचित बदलत बदलत पुन्हा रोगकारक होतो, हे तुम्ही वाचलं असेल. त्यावर पोलिओच्या प्रकार २ साठी जी नवी लस आली, तिच्या पॉलिमरेजच्या बोटांत दोन बदल मुद्दाम केले आहेत, ते चुका आणि तुकड्यांची अदलाबदल कमी व्हावी म्हणून. विषाणूत इतर ठिकाणीही बदल आहेत, पण आपला विषय हात. जागतिक आरोग्य संघटनेने तिला नोव्हेंबर २०२० मध्ये आणीबाणीच्या वापराच्या यादीत घेतलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये पूर्वपात्रता दिली. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, तेव्हा आपल्याला ही लस लांबची वाटते. आफ्रिकेत तिचे कोट्यवधी डोस पाजले गेले आहेत.

आता औषधं. सुरुवातीला म्हटलं, घाव मध्यावर की कडेवर?

मध्यावर घालायचा तर खोटं अक्षर द्यायचं. यंत्र ते खऱ्यासारखं जोडतं आणि पुढची जोडणी अडते. १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध असंच. या पद्धतीचा फायदा उघड आहे, विषाणूला तळहात बदलता येत नाही. पण तोटा? तोटा हा की तळहात आपल्याकडेही आहे. आपल्या पेशीतल्या मायटोकाँड्रियांचा डीएनए लिहिणारं पॉलिमरेज तसंच उजव्या हाताचं. १९९३ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे हेपटायटिस बी साठी फियालुरिडिन नावाच्या औषधाची चाचणी झाली. १५ रुग्ण होते. त्यातल्या सात जणांची यकृतं निकामी झाली. पाच जण दगावले, दोघे यकृत बदलल्याने वाचले. औषध विषाणूच्या हाताला फसवत होतंच. आपल्या मायटोकाँड्रियांचा हातही त्याला फसला होता.

मग कडेवर घाव घालू या. नेव्हिरापिनची गोष्ट त्यासाठी ऐकण्यासारखी आहे. एचआयव्हीच्या तळहातापासून नॅनोमीटरभर अंतरावर एक खिसा आहे. खरं तर तो नाहीच, औषध आत शिरलं की तो तयार होतो. औषध तिथे बसलं की अंगठा उघड्या अवस्थेत ताठरतो आणि ॲस्पार्टिक आम्लं जागेवरून ढळतात. रेणूंचा संधिवातच म्हणा, अभ्यासकांनीही हीच तुलना केली होती. आपल्या पॉलिमरेजांत असा खिसा नाही, त्यामुळे मायटोकाँड्रिया सुखरूप. उत्तम! पण खिसा कडेला आहे, तिथे विषाणूला फारसं काही राखायचं नाही. १८१ क्रमांकावरचं किंवा १०३ क्रमांकावरचं एक अमिनो आम्ल बदललं की औषध निरुपयोगी. बाळंतपणात आईला नेव्हिरापिनची एकच मात्रा देऊन अनेक बाळांना संसर्गापासून वाचवता आलं, पण त्या एका मात्रेनेही कित्येक मातांच्या विषाणूत प्रतिकार दिसू लागला. एचआयव्हीचाच भाऊ एचआयव्ही-२, त्याच्यावर तर हे औषध मुळातच चालत नाही. खिशाची ठेवणच वेगळी.

आता २००१ साल आठवा. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधं दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य देशांत वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. आपला १९७० चा पेटंट कायदा औषधाच्या कृतीला संरक्षण देत होता, औषधाला नाही, म्हणून हे शक्य झालं. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण त्या गोळीत काय होतं ते पाहा: स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरापिन. तिन्ही एकाच यंत्रावरची! दोन तळहातावर, एक खिशात. विषाणूला एकाच वेळी तिन्हींतून सुटायला एकाच प्रतीत अनेक बदल हवेत, आणि चुकांचा वेग कितीही असला तरी ते जमणं फार अवघड. लाखो माणसं त्यावर जगली. पण त्यातलं स्टॅव्ह्युडिन पुन्हा मायटोकाँड्रियांच्या हाताला फसवणारं. पायांना मुंग्या, आग, गालांची चरबी उतरून चेहरा ओढल्यासारखा. त्या काळी एड्सच्या दवाखान्यात काम केलेल्या कुणाही डॉक्टरला विचारा. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं.

लॅमिव्ह्युडिनचं मात्र वेगळं झालं. मघा एचआयव्हीच्या ॲस्पार्टिक जोडीच्या आधी मेथिओनिन येतं म्हटलं. जोडी बदलत नाही, पण हा शेजारी बदलू शकतो. मेथिओनिनच्या जागी व्हॅलिन आलं की त्याची फांदी लॅमिव्ह्युडिनच्या कड्याला अडते आणि औषध आत बसत नाही. पण गाभ्याच्या इतक्या जवळ फेरफार केल्याची किंमत विषाणूला मोजावी लागते. तो सुस्तावतो, आणि एझेडटी किंवा टेनोफोव्हिर या औषधांना जास्त बळी पडतो. म्हणून प्रतिकार आल्यावरही काही वेळा डॉक्टर हे औषध चालू ठेवतात, विषाणूला त्या लंगड्या अवस्थेत ठेवण्यासाठी. कडेवरचा प्रतिकार फुकटात मिळतो. मध्याजवळचा महागात पडतो.

हे सूत्र हाती आल्यावर काय करता येतं? हेपटायटिस सी वरचं सोफोसबुव्हिर, २०१३. खोटं अक्षरच, पण साखरेच्या एकाच जागी फ्लोरिन आणि मिथाइल असे दोन छोटे बदल केलेलं. विषाणूचा तळहात ते घेतो, मायटोकाँड्रियांचं आरएनए पॉलिमरेज त्याला जवळजवळ दाद देत नाही. विषाणूत प्रतिकाराचा बदल होऊ शकतो, २८२ क्रमांकावर. पण तो इतका महाग पडतो की रुग्णांत क्वचितच आढळतो. दुसऱ्या औषधांच्या जोडीने काही आठवड्यांत दहापैकी नऊहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. पूर्ण बरे! एका विषाणूजन्य चिवट आजाराबद्दल हे शब्द वापरता येतील, असं माझ्या विद्यार्थिदशेत कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. अमेरिकेत त्याची एक गोळी हजार डॉलरला निघाली, ८४ गोळ्यांचा कोर्स ८४,००० डॉलर. भारतीय कंपन्यांना २०१४ मध्ये परवाने मिळाल्यावर तो आपल्या आवाक्यात आला. किमतीच्या राजकारणावर बोलायचं तर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन.

आणि रेमडेसिव्हिर. या सभागृहात कितीतरी जण असे असतील ज्यांनी एप्रिल २०२१ मध्ये त्या इंजेक्शनच्या कुपीसाठी रात्रभर फोन फिरवले. ते नेमकं काय करतं? तेही खोटं अक्षर, पण ते लगेच अडवत नाही. ते जोडलं जातं, पुढे आणखी तीन अक्षरं जोडली जातात, आणि मग त्याच्यावरचा सायनो गट पॉलिमरेजमधल्या ८६१ क्रमांकाच्या सेरीनवर आपटतो. साखळी थबकते. खोटं अक्षर तोवर टोकापासून मागे, आत गेलेलं असतं, त्यामुळे टोकाशी काम करणाऱ्या मुद्रितशोधकाच्या हाती ते सहज लागत नाही. रचनेच्या दृष्टीने अप्रतिम औषध. मग रुग्णालयातल्या मोठ्या चाचण्यांत त्याचा प्रभाव इतका तोकडा का पडला? कारण माणूस धाप लागून रुग्णालयात पोचतो तेव्हा विषाणूची नक्कल ओसरत आलेली असते, आणि शरीराचा स्वतःचा क्षोभ शिगेला असतो. हेच औषध लक्षणं दिसताच, घरी असलेल्या जोखमीच्या रुग्णांना तीन दिवस दिलं तेव्हा रुग्णालयात जाण्याचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. आकार कुठे मारायचं ते सांगतो. कधी मारायचं ते सांगत नाही.

डेंग्यूचं कोडं इथेच अडलंय. दर पावसाळ्यात आपल्या गावोगावी तो येतो. त्याच्या पॉलिमरेजची रचना २००७ पासून माहीत आहे. हात नेहमीचाच, मागे आपली टोपी आपणच बनवणारा भाग जोडलेला. हेपटायटिस सी साठी बनवलेलं बालापिराव्हिर हे खोटं अक्षर व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या रुग्णांना देऊन पाहिलं. विषाणू उतरला नाही, तापही नाही. नंतर एक कारण असं सापडलं की डेंग्यूने चेतवलेल्या पेशी त्या औषधाचं कामाच्या रूपात रूपांतरच कमी करतात. आणि ताप येतो तेव्हा रक्तातला विषाणू बऱ्याचदा शिखर गाठून उतरणीला लागलेला असतो, तो प्रश्न आहेच. म्हणजे तळहातावर बसेल, मायटोकाँड्रियांना सोडेल, चेतलेल्या पेशीतही तयार होईल आणि तापाच्या पहिल्या दिवशीच तालुक्याच्या दवाखान्यात हातात पडेल, असं औषध हवं. यातल्या पहिल्या दोन अटी कशा पुऱ्या करायच्या हे आपण शिकलोय. तिसरीवर काम चालू आहे. चौथी अट प्रयोगशाळेत सुटणारी नाही. ती तपासणीच्या पट्टीची, आरोग्यसेविकेची आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाची आहे.

कार्यकर्ते घड्याळ दाखवत आहेत. मी खाली बसण्यापूर्वी विचारायचं ते विचारा. आणि हो, या रेणूंची चार चित्रं मी फळ्यावर ठेवली आहेत, पोरांनी पुढे येऊन बघावीत.